अपडाऊन आधी ठरवा, खोली मग : खान्देशात रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

नियुक्तीचा आदेश हातात पडला, शाळेचं नाव कळलं, की दुसऱ्या दिवशी फोन येतो : "ताई, जळगावात राहायला कोणता एरिया चांगला?" पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून, लागलेल्या कितीतरी मुलामुलींनी मला हा प्रश्न विचारलाय. कोणी बीडकडचं, कोणी सांगोल्याचं, कोणी पार गोंदियाचं. मी त्यांना उलट विचारते, "शाळा कोणत्या तालुक्यात? गाव कोणत्या फाट्यावर?" तेवढं कळल्याशिवाय एरियाचं उत्तर देताच येत नाही.

मी स्वतः लातूरकडची. पहिली शाळा मिळाली जामनेर तालुक्यात. जळगावात ओळखीचं कोणी नव्हतं. फेब्रुवारीत एका दुपारी पिंप्राळ्यात वरच्या मजल्यावरची एक खोली पाहिली. हवेशीर, भाडं कमी, घरमालकीण बोलायला गोड. लगेच हो म्हटलं. जामनेरची गाडी निघते ती अजिंठा चौफुलीच्या अंगाने, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाकडून. रोज सकाळी आधी रेल्वेमार्ग ओलांडायचा, मग अख्खं शहर पार करायचं आणि मग खरा प्रवास सुरू व्हायचा. मार्च संपला तशी दुसरी गोष्ट कळली. खोलीची लांब भिंत पश्चिमेला होती आणि डोक्यावर उघडा स्लॅब. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसे. जुलैत मी ती खोली सोडली, तेव्हा डिपॉझिटातले निम्मे पैसे परत आले नाहीत, कारण लेखी काहीच नव्हतं. पुढे जे सांगतेय ते त्या पाच महिन्यांत शिकलेलं, आणि नंतर इतरांसाठी खोल्या शोधताना पक्कं झालेलं.

रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस

या दिवसांत खोली घेऊ नका. घरी आई-वडील घाई करतील, सामान एकदाच नेऊन टाकू म्हणतील. ऐकू नका. स्टेशन किंवा बसस्थानकाजवळच्या लॉजवर, एखाद्या नातेवाइकाकडे, नाहीतर शाळेतल्या जुन्या सरांच्या ओळखीने कोणाच्या तरी रिकाम्या खोलीत हे दिवस काढा. तुम्ही ज्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, आहात तिथे आधीपासून अपडाऊन करणारे पाच-सात शिक्षक असतातच. अपडाऊन, म्हणजे घर ते शाळा रोजचं जाणं-येणं, हा इथला शब्द पाठ करा, पुढची काही वर्षं तुमचा दिवस त्यावरच चालणार आहे.

या पंधरा दिवसांत शाळेत वेगवेगळ्या मार्गाने जाऊन बघा. एक दिवस एसटीने, एक दिवस जुन्या सरांच्या गाडीवर मागे बसून, रेल्वे असेल तर एक दिवस रेल्वेने. गाडी फाट्यावर सोडते की गावात? फाट्यापासून आत किती चालायचं? संध्याकाळची शेवटची परतीची गाडी किती वाजता? हे वहीत लिहून ठेवा. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा : उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली, की त्या वेळेला पोचवणारी गाडी आहे का? जूनमध्ये साडेनऊची सोयीची गाडी बघून खोली घेतलेले मार्च-एप्रिलमध्ये हमखास अडकतात. सकाळच्या शाळेसाठी बरेच जण चौघे मिळून चारचाकी ठरवतात. तशी गाडी तुमच्या गावाकडे जात असेल तर ती शहरात कुठून कुठून माणसं उचलते, हे कळणं खोलीच्या भाड्याइतकंच महत्त्वाचं.

जळगावात शाळेच्या दिशेने घर

जळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके. जळगाव शहरातून त्यांच्याकडे जाणारे रस्ते वेगवेगळ्या दिशांना फुटतात, आणि शहर ओलांडायला संध्याकाळी जो वेळ जातो तो नकाशावरच्या किलोमीटरवरून कळत नाही.

शाळा जामनेर, नेरी, पहूरकडे असेल तर अजिंठा चौफुलीच्या आसपास बघा : मेहरूण, अयोध्यानगर, इच्छादेवी चौकाचा भाग. मेहरूण तलावाकडे संध्याकाळी फिरायलाही बरं. पाचोरा-भडगावकडे शाळा असेल तर दोन पर्याय. रस्त्याने जायचं तर शिरसोली रोड किंवा मोहाडी रोडचा भाग. रेल्वेने जायचं तर स्टेशनला चालत पोचता येईल असं घर. जळगाव–पाचोरा–चाळीसगाव हा मुख्य लोहमार्गच आहे आणि मासिक पास काढला की खर्च फार कमी येतो. भुसावळ, बोदवड, मुक्ताईनगरकडे जाणाऱ्यांनी महामार्गाच्या पूर्वेकडच्या टोकाला, कालिकामाता मंदिर, खेडीच्या बाजूला बघावं.

एरंडोल, पारोळा, धरणगाव म्हणजे पश्चिमेचा रस्ता, गिरणेवरचा बांभोरीचा पूल ओलांडून. त्यांच्यासाठी खोटेनगर, शिव कॉलनी, गुजराल पेट्रोल पंपाच्या आजूबाजूचा भाग. अमळनेरकडची शाळा असेल तर सुरत लाइनची रेल्वे आहे, धरणगाव, अमळनेर, पुढे दोंडाईचा, नंदुरबार. पण त्या गाड्या मोजक्या. शाळेच्या वेळेची गाडी नसेल तर स्टेशनजवळच्या घराचा काही उपयोग नाही. चोपड्याकडे शाळा असेल तर रस्ता ममुराबाद, विदगावमार्गे तापी ओलांडून जातो. त्यांना शिवाजीनगरची बाजू बरी पडते.

महाबळ, रामानंदनगर, गणेश कॉलनी, रिंग रोड हे भाग नोकरदारांचे म्हणून ओळखले जातात. शांत आहेत, दवाखाने-दुकानं हाताशी आहेत, भाडंही त्या मानाने. नवरा-बायको दोघं नोकरीला आणि मुलं शाळेत असतील तर मी हेच भाग सुचवते. एकट्या शिक्षणसेवकाने, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर असलेल्या शिक्षकाने, मात्र पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नये.

शहराच्या कडेला नव्या प्लॉट एरियात भाडं कमी असतं. तिथे जाण्याआधी जमीन बघा. आपली काळी माती. रस्ता डांबरी झालेला नसेल तर पावसाळ्यात दुचाकीचं चाक चिखलाने गच्च भरून थांबतं, आणि साडी सांभाळत मुख्य रस्त्यापर्यंत चालणं म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्या बाईलाच विचारा. शहरातही पाण्याच्या आणि भुयारी गटारीच्या पाइपांसाठी गल्ल्या खणल्या गेल्या, म्हणून गल्ली तोंडापासून शेवटपर्यंत स्वतः चालून बघा.

शहरात की तालुक्याच्या गावात?

सगळेच जळगाव म्हणतात, पण माझं मत स्पष्ट आहे. शाळा शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरपलीकडे असेल आणि घरात दुसऱ्या कोणाची नोकरी जळगावात नसेल, तर तालुक्याच्या गावी राहा. भुसावळला रेल्वेची सोय जळगावापेक्षा वरचढ. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, चोपडा ही सगळी भरलेली, बाजारपेठेची गावं आहेत. दवाखाना, वाचनालय, मुलांची शाळा, भाजीबाजार, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. भाडं कमी, प्रवास कमी, आणि महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळ तुमची राहते.

मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहण्याचा विषय नाजूक आहे. नियम काय आहे, घरभाडे भत्त्यासाठी काय कागद लागतात, ग्रामसभेचा ठराव कसा मागतात, हे रुजू झाल्या झाल्या मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांकडून समजून घ्या; कोणाच्या ऐकीव माहितीवर घर ठरवू नका. गावात चांगली खोली मिळत असेल तर निदान पहिलं एक वर्ष तिथे राहून बघा असं मी सांगते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि वसतिगृहात मुलांसोबत राहत. मुलाच्या घरी संध्याकाळी कोण असतं, कापूस वेचायला त्याला कधी नेतात, केळीच्या बागेत कोणाचा बाप रात्री पाणी भरायला जातो, हे गावात राहणाऱ्या शिक्षकाला विचारावं लागत नाही.

गावात अजून धाब्याची जुनी घरं भाड्याने मिळतात. मातीचं जाड छत असल्याने उन्हाळ्यात ती स्लॅबच्या घरापेक्षा पुष्कळ थंड. मात्र पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकली आहे का, गेल्या वर्षी कुठे गळलं, आणि संडास-मोरी घरातच आहे का, एवढं बघूनच हो म्हणा.

धुळे आणि नंदुरबारला जाणाऱ्यांसाठी

धुळ्यात पांझरा नदी मधून जाते. उत्तरेला देवपूर, दक्षिणेला जुनं शहर. शिरपूर, शिंदखेड्याकडे शाळा असेल तर देवपूर, वाडीभोकर रोड, नगावबारीची बाजू. नोकरदार आणि कॉलेजची मुलं तिकडे पुष्कळ असल्याने खोल्याही मिळतात, डबेही मिळतात. साक्रीकडे जाणाऱ्यांनी साक्री रोड बघावा, म्हणजे रोज पूल ओलांडायला नको. धुळ्यात घर घेताना पाण्याचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, भाड्याच्याही आधी. तिथे दोन पाण्यांमधलं अंतर दिवसांत मोजतात आणि ते भागाभागात वेगळं असतं. घरात मोठी साठवण टाकी नसेल तर दुसरं घर बघा.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोद्याच्या सपाटीवरच्या शाळांना अपडाऊन जमतं. अक्राणी म्हणजे धडगाव, आणि अक्कलकुव्याचा मोलगीकडचा डोंगराळ भाग, इथे मात्र नंदुरबारहून रोज जाणं-येणं करायचा विचार सोडून द्या. सातपुड्यातला घाट, पावसाळ्यात खचणारा रस्ता, आणि गाडीची वेळ चुकली तर दुसरी गाडी नाही. धडगाव किंवा मोलगीत खोली घ्या, नाहीतर शाळेच्या गावातच राहा. खोली साधी मिळेल. मोबाइलची रेंज कुठे येते, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गाडी कोणाकडे आहे, वीज गेली तर किती वेळ जाते, हे जुन्या शिक्षकांना विचारा. टॉर्च, मच्छरदाणी आणि महिनाभराचा किराणा घेऊनच चढा. तिकडची मुलं घरात पावरी, भिली बोलतात. शेजारच्या घरातून रोज चार शब्द कानावर पडले की पहिलीच्या वर्गातलं अर्धं काम सोपं होतं. त्या भागात नेमणूक म्हणजे शिक्षा, असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. माझ्या ओळखीतले तिथे राहिलेले शिक्षक बदली होऊन खाली आल्यावरही त्या गावांच्या आठवणी काढतात.

पैशाचं गणित

२०२३ पासून शिक्षणसेवकाचं मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे, आणि तीन वर्षं त्यातच भागवायचं असतं. म्हणून भाडं एकटं पाहू नका, भाडं आणि प्रवास एकत्र मोजा. समजा शाळा चाळीस किलोमीटरवर आहे आणि तुम्ही मोटारसायकलने जाता. रोजचे ऐंशी किलोमीटर, पन्नासचं अॅव्हरेज धरलं तर दीड लिटरच्या वर पेट्रोल. महिन्याच्या चोवीस दिवसांचे चार हजारांच्या आसपास झाले. त्यात पाच हजार भाडं मिळवा. प्राथमिकच्या मानधनातले निम्म्याहून जास्त इथेच संपले, आणि गाडीची दुरुस्ती अजून धरलीच नाही. तेच तालुक्याच्या गावी राहून दहा किलोमीटर जायचं असेल तर पेट्रोल हजारावर येतं.

महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे शिक्षिकांचं गणित वेगळं बसतं. सोयीची एसटी असेल तर थोडं लांबचं पण सुरक्षित, चांगल्या वस्तीतलं घर परवडू शकतं.

पहिला पगार हातात यायला उशीर होतो. शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढेपर्यंत दोन-तीन महिने कोरडे जाऊ शकतात. डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, गॅस, कूलर आणि हे कोरडे महिने, एवढी तरतूद घरून निघतानाच हवी. घरमालकाला हे आधीच मोकळेपणाने सांगा. शिक्षक म्हटल्यावर बहुतेक जण थांबतात, फक्त नंतर कळलं की त्यांना राग येतो.

खोली शोधायची कशी

एजंट असतात, एका महिन्याचं किंवा अर्ध्या महिन्याचं भाडं घेतात. मी सहसा त्यांच्याकडे जाऊ देत नाही. ज्या भागात राहायचं ठरवलंय तिथे रविवारी सकाळी पायी फिरा. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, दूधवाला, पिठाची गिरणी, या चौघांना सगळ्या रिकाम्या खोल्या माहीत असतात. "मी शिक्षक आहे, अमुक गावच्या शाळेवर, खोली पाहिजे," एवढं म्हटलं की दुकानदार स्वतः पोरगा सोबत देतो. शिक्षकाला खान्देशात अजून मान आहे, त्याचा असा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

मोबाइलवर फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नका. "आत्ता टोकन टाका, दुसरे लोक तयार आहेत" म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. खोली डोळ्यांनी बघायची, घरमालकाला भेटायचं, मग पैसे.

वेळेचंही सांगते. मे-जूनमध्ये परीक्षा संपून कॉलेजची मुलं खोल्या सोडतात, तेव्हा निवड जास्त. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात घरमालकाच्या लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं, व्यवहाराचं बोलणं होत नाही. पितृपक्षात बरेच जण घर बदलत नाहीत, त्यामुळे रिकामी खोली रिकामीच राहते. तुम्हाला अडचण नसेल तर त्या पंधरवड्यात भाड्यात थोडी घासाघीस होते.

खोलीत शिरल्यावर : पाणी आणि ऊन

रंग, फरशी, कपाट नंतर. आधी नळ.

जळगाव शहराला वाघूर धरणातून पाणी येतं आणि ते नळाला रोज येईलच असं धरून चालू नका. विचारायचं असं : पाणी किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ? जमिनीतली टाकी आहे का? मोटर कोण चालू करतं? पाणी सकाळी दहाला येत असेल तर तुम्ही तेव्हा वर्गात असणार. मग टाकी भरायची कोणी? बोअर असेल तर पाण्याची चव घ्या आणि बादलीकडे बघा, आतून पांढरा थर चढलेला असेल तर पाणी जड आहे, पिण्यासाठी जार लागणार. ही माहिती घरमालकाकडून घेतली तरी शेजारच्या घरातल्या बाईकडून पुन्हा घ्या. तिचं उत्तर खरं धरा.

उन्हाचं बाहेरून आलेल्याला कळत नाही. लातूरला मीही उन्हातच वाढले, तरी जळगाव-भुसावळचा मे वेगळाच. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणून खोली दुपारी तीन-चारच्या सुमाराला बघा, आणि भिंतींना हात लावा. पश्चिमेची भिंत तापलेली असेल, वर उघडा स्लॅब असेल, किंवा खोली पत्र्याची असेल, तर भाडं कितीही कमी असो, सोडून द्या. तळमजला किंवा मधला मजला मिळाला तर उत्तम. वरचाच घ्यावा लागला तर गच्चीवर उन्हाळ्याआधी चुना मारून देणार का, हे आधी ठरवून घ्या. त्याने फरक पडतो.

कूलर लागणारच. तो खिडकीबाहेर बसवायला जागा आणि लोखंडी स्टँड हवा, जवळ प्लग हवा, आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला दुसरी खिडकी हवी. कोंडलेल्या खोलीत कूलर लावला की नुसती चिकचिक होते. कूलर दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी सहज पितो, म्हणजे पुन्हा पाण्याचाच प्रश्न. काही घरमालक कूलरसाठी वेगळे पैसे मागतात, तेही आधीच बोला.

वीज. तुमचा मीटर स्वतंत्र आहे का, की सबमीटर? महावितरणचा दर युनिटच्या टप्प्यांनी वाढतो, शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, असा. दोन घरांची वीज एकाच मीटरवर असली की सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात. सबमीटर असेल तर युनिटमागे किती रुपये ते ठरवा, आणि राहायला जायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून घरमालकाला पाठवा.

मोरीतलं पाणी तुंबतं का ते एक बादली ओतून बघा. दाराची कडी आतून नीट बसते का बघा. बाकीचं पुढे दुरुस्त होतं.

घरमालकाशी बोलणं

इथली माणसं बोलायला मोकळी. खोली बघायला गेलात तरी चहा होईल, आणि चहाबरोबर प्रश्न येतील. गाव कोणतं, घरी कोण कोण, लग्न झालं का, मांसाहार करता का. आणि आडनाव. आडनावामागे काय विचारलं जातंय ते आपल्या सगळ्यांना कळतं. आडनाव ऐकून "खोली तर कालच गेली" असं झालेले माझे सहकारी आहेत, चांगले शिकवणारे शिक्षक. मला त्याची चीड येते. खोटं आडनाव सांगू नका, खोटं सांगून मिळालेल्या घरात झोप लागत नाही. अशा वेळी एकट्याने दारोदार फिरण्याऐवजी शाळेतल्या सहकाऱ्यांना, शिक्षक संघटनेच्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना सांगा. आणि जुन्या शिक्षकांनो, असा फोन आला तर स्वतः सोबत जा. स्थानिक माणूस शेजारी उभा राहिला की उत्तर बरेचदा बदलतं.

एकट्या शिक्षिकेने आणखी काही बघावं. बसथांब्यापासून घरापर्यंत संध्याकाळी सातला एकदा चालून बघा, दिवे लागतात का, दुकानं उघडी असतात का. बाहेरच्या फाटकाची किल्ली कोणाकोणाकडे आहे? संडास-बाथरूम स्वतंत्र आहे ना? आई-वडील किंवा भाऊ मुक्कामाला आले तर चालेल ना, हे आधी बोला. त्याच मार्गावर शाळा असलेली दुसरी शिक्षिका शोधून दोघींनी वन बीएचके घेतला तर भाडं निम्मं होतं आणि आजारपणात कोणीतरी जवळ असतं. माझ्या माहितीत अशा जोड्या बहिणींसारख्या राहिल्या. फक्त किराणा, गॅस आणि पाहुणे यांचं आधी ठरवून घ्या.

कागद

"मॅडम, तुम्ही तर शिक्षक, तुमच्यावर विश्वास आहे, कागद कशाला?" हे वाक्य ऐकलं की मला माझं गेलेलं डिपॉझिट आठवतं. हसून म्हणा, "भाऊ, ऑफिसात पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो."

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असायलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करणं म्हणजे नोंदणी झाली असं नव्हे. करार साधारण अकरा महिन्यांचा करतात. खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. समजा भाडं ६,००० आणि डिपॉझिट १५,०००. अकरा महिन्यांचं भाडं ६६,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेली रक्कम मिळवायची, आणि त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर करून देणाऱ्याची फी. आधार आणि अंगठ्याने हे ऑनलाइन होतं, घरी येऊन करून देणारेही आहेत. दोघांनी निम्मा निम्मा खर्च घ्यायची तयारी दाखवली की घरमालक तयार होतो.

करारात हे लिहून घ्या : भाडं किती तारखेला, डिपॉझिट किती आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत, सोडण्याआधी किती दिवस कळवायचं, विजेचा हिशेब, पाणी आणि मेन्टेनन्स भाड्यात की वेगळं, पुढच्या वर्षी किती वाढ. बदली झाली तर महिनाभर आधी कळवून करार मोडता येईल, ही ओळ शिक्षकाने विसरू नये. भाडं रोख न देता खात्यावर पाठवा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचं काम घरमालकाचं, पण त्यासाठी फोटो आणि आधारची प्रत तुम्हीच आठवणीने द्या. करार संपला की एकतर नवा करा किंवा खोली सोडा; मुदत संपल्यावर राहणाऱ्याकडून दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई मागता येते.

राहायला गेल्यावर

गॅसची जोडणी व्हायला वेळ लागतो, तोवर पाच किलोची लहान टाकी घ्या, तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही. डबा लावणार असाल तर आठ दिवस चव घेऊन मग महिन्याचे पैसे द्या. इथलं जेवण तिखट आहे, शेवभाजी, कळण्याची भाकरी, हिवाळ्यात वांग्याचं भरीत. भरिताच्या दिवसांत शेजारून ताट येईल. ते रिकामं परत करू नका, काहीतरी गावाकडचं घालून द्या.

बोली कानावर पडू द्या. जळगावच्या पश्चिमेला आणि धुळ्याकडे अहिराणी, भुसावळ-यावल-रावेरच्या पट्ट्यात लेवा बोली. "आहे" ला "शे" म्हणणारं पोर चुकत नसतं, ते आपल्या आईच्या भाषेत सांगत असतं. घरमालकिणीशी ओट्यावर बसून बोललात तर दोन महिन्यांत सगळं समजायला लागतं.

खोली सोडायची वेळ आली की महिनाभर आधी कळवा, मीटरचा शेवटचा आकडा दोघांनी मिळून बघा, रिकाम्या खोलीचे फोटो काढा आणि डिपॉझिट घेऊनच किल्ली द्या. त्याच आठवड्यात तालुक्याच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका : खोली कुठे, भाडं किती, पाणी किती दिवसांनी येतं, पश्चिमेची भिंत तापते की नाही, कोणत्या फाट्याकडे जाणाऱ्याला सोयीची. घरमालकाला विचारून त्यांचा नंबरही द्या.